बाबांचा रोल कशात धुवावा याबाबत

दिनांक १२ मार्च २०२४, मंगळवार, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. मोजपात्रे धुऊन पालथी घातली आणि लिहायला बसलो. मी, वय सत्तावीस, शिक्षण नववीपर्यंत, धंदा फिल्म धुण्याचा, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय ही व्यवस्था लावून ठेवत आहे. परवा हर्नियाचे ऑपरेशन आहे. दाजी म्हणतात, एवढ्याशा कापाकापीला एवढी निरवानिरव. हसोत.

१. दुकान व बँकेतील शिल्लक आईची.

२. एन्लार्जर, टाक्या व रसायने ताईची. चुलतभावाला यातले काहीही हाताळू देऊ नये. त्याने एकदा डेव्हलपरच्या आधी हायपो ओतला आणि एका लग्नाचे सगळे रोल काचेसारखे कोरे निघाले. नवरीच्या वडिलांपुढे मात्र मी उभा होतो. त्याला माझी सायकल द्यावी. ब्रेक लागत नाहीत हे सांगावे.

३. बाबा गेल्यावर त्यांच्या साध्या कॅमेऱ्यात निघालेला रोल. त्यांनी गच्चीवर आईचे फोटो काढले होते. फिल्म जुनी, धुरकटलेली. बारीक दाण्याच्या डेव्हलपरने चित्र मुलायम येईल, पण पुसट. कदाचित येणारच नाही. जोरकस डेव्हलपर असेल तेवढे ओढून काढील, पण खरखरीत. संधी एकच, म्हणून सहा वर्षे माझे ठरत नाही. दरम्यान आईची नजर काचबिंदूने चालली आहे. रोल ताईने धुवावा, बारीक दाण्याच्या डेव्हलपरमध्ये.

एवढे आईला वाचून दाखवले.

"म्हणजे तू मेल्यावर धुवायचा?"

खराब झाला तर काय, असे मी म्हणालो.

"मी कशात ओळखू येईन ते सांग."

"जोरकस. पण सगळं खरखरीत दिसेल गं."

"मला आता सगळं तसंच दिसतं, बाळा. ओत."

कलम ३ रद्द. रोल आत्ताच धुतो.

संध्याकाळी पाच. नवे कलम ३: नऊ चित्रे आली, बाकी धुके. चारांत आई हसते आहे. तिने भिंग लावून चारही ओळखली. ती तिची. उरलेल्या पाचांत बाबांचे बोट आडवे आले आहे. ती माझी, माझ्यामागे कोणी फेकू नयेत.

साक्षीदार: शेजारचे शिंपीकाका (सही), समोरचे घड्याळजी (सही).
ठिकाण: दुकान. तारीख वरीलप्रमाणे.
माझी सही.