न विचारता बुजवलेली पेवं

ता. ९ मार्च १९४३

मलकापूरहून मोटारलॉरी, बुलढाण्याहून बैलगाडी, अशी हाडं खिळखिळी करून घेत धाडच्या अलीकडच्या या गावी पोचलो. तरी स्वारी खुशीत आहे. इंद्रभान पाटलांनी ओसरी झाडून दिली, ठेचा-भाकर वाढली आणि मला चक्क साहेब म्हणाले. दापोलीत मला कुत्रं विचारत नव्हतं.

काम गमतीचं आहे. लढाईच्या दिवसांत कुणी धान्य दडवू नये म्हणून हुकूम निघाला की तळघर असेल त्याने कळवावं. मूळ इंग्रजीत ‘सेलर’ होतं, कुणा शहाण्याने त्याचं ‘तळघर’ केलं. साऱ्या गावांनी कळवलं, आमच्याकडे तळघर नाही. आता मी त्या एका शब्दासाठी इथले असतील नसतील ते सगळे शब्द अर्थासकट जमवायचे आणि त्या जागा लाखेने मोहोरबंद करायच्या. पंधरा दिवसांत उरकलं तर नोकरी कायम. बायकोला इकडे आणता येईल.

ता. ११

डोकं उठलं. पायऱ्या असतील तर तळघर. इथल्या गुलजारशेट व्यापाऱ्याकडे तेच तहखाना, पण उन्हाळ्यात तिथे झोपतात म्हणून ते यादीत धरायचं नाही म्हणे. दुसरीकडे वाट निघाली तर भुयार. बळद म्हणजे तर भिंतीतली धान्याची पोकळी, मग मला सांगितलं कशाला? आणि माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, खाली खोलीएवढा खड्डा, आत ज्वारी, ते पेव. आमच्या कोकणात असलं काही केलं तर चार दिवसांत विहीर होईल. मी म्हटलं, हे तळघरच की. पाटील म्हणाले, तळघरात माणूस राह्यते साहेब, पेवात ज्वारी राह्यते. घ्या, लिहा अर्थ.

ता. १२

गावाबाहेर नऊ पेवं आहेत. कडूबा नावाचा माणूस कंदील सोडून बघतो, विझला नाही तर आत उतरून ज्वारी सपाट करतो. मग तोंडावर दगड आणि माती. पण त्याआधी मालक वाकून तीनदा विचारतो, कोनी हाय का, आणि कान देऊन बसतो. असल्या उन्हात नऊ वेळा हा सोहळा. असं का, म्हणून विचारलं, तर पाटील म्हणाले, न विचारता बुजवलं तर पेव सोताच उत्तर द्यायले शिकते. हसावं की रडावं? मी साफ मनाई केली. दोन टोळ्या लावल्या, दुपारपर्यंत नऊही बंद.

ता. १३

कडूबाची बायको अन्नपूर्णाबाई आली. तो कालपासून घरी नाही. धाडच्या बाजारात गेला असेल म्हटलं. त्याच्या वहाणा पेवांपाशीच आहेत, म्हणाली. शेवटी तो कुठल्या पेवात उतरला ते कुणालाच आठवत नाही. मी तेव्हा लाख वितळवत होतो.

पाटील म्हणाले, चिठ्ठी द्या, आत्ता फोडतो. मोहोर फोडली तर माझी नोकरी जाते. मी चिठ्ठी दिली नाही, कचेरीकडे परवानगीला माणूस पाठवला. लाज वाटते, पण खरं तेच लिहितो.

ता. १४

अन्नपूर्णाबाईबरोबर पेवांवर गेलो. पहिल्यावर वाकून तिने विचारलं. आतून कडूबा हाव म्हणाला, म्हणजे हो. मला रडूच आलं. मग तिने दुसऱ्याला विचारलं. तिथूनही हाव. नऊही पेवांतून तोच आवाज. घरात तो तिला काय म्हणून हाक मारतो ते तिने विचारलं. नऊही जणांनी बरोबर सांगितलं.

मी प्रत्येक पेवावर ओरडून आलो, धीर धर, मी आहे, मी आहे.

ता. १५

उत्तर आलं. हुकुमात ‘तळघर’ हा शब्द आहे, ‘पेव’ म्हणजे काय याचा खुलासा करावा, मग विचार होईल. आग लागो त्या कचेरीला. मेली ती नोकरी. उद्या उजाडताच फोडायची.

ता. १६, सकाळ

पहिलं फोडलं. नुसती ज्वारी. फोडल्याबरोबर आवाज बंद.

दुसरं, तिसरं, तेच.

दुपार

आठ झाली. एकातही नाही. म्हणजे नववं. कडूबा अजून हाव म्हणतो, पण फार बारीक—

वही सोडवत नाही.

आत आणखी कोणीतरी बोलतंय. मोठ्याने. माझ्या आवाजात.

म्हणतोय, वर आहे तो मी नव्हे, त्याला पेव फोडू देऊ नका. पाटलांनी कुदळ थांबवली. मी म्हटलं, आधी कडूबाला काढा— कुणी हलत नाही.

अन्नपूर्णाबाईने वाकून माझ्या आवाजात बोलणाऱ्याला त्याच्या बायकोचं नाव विचारलं. त्याने लगेच सांगितलं. मला नीट ऐकू आलं नाही.

आता ती मला विचारते आहे. जुळलं तर फोडू म्हणते. सोपं आहे. लिहूनच दाखवतो. माझ्या बायकोचं नाव—

माझ्या बायकोचं