पडद्यांच्या पोटातला कोट

चिरंजीव भाच्यास,

आधी रागावून घेते, आशीर्वाद खाली देते. तू माझ्या लॉण्ड्रीला प्रोग्रॅम करून दिलास की कोडं घातलंस? नवरदेवाचा कोट दोन दिवस सापडत नाही, लग्न शनिवारी, आणि त्याची आई दुकानात खुर्ची टाकून बसली आहे. (तुझी तब्येत कशी आहे? बरीच असणार.) फोनवर तू म्हणालास, मावशी, आतली सगळी माहिती छापून काढ, चूक दिसेल. आणि मग फोन उचलायचाच बंद केलास, म्हणून हे पत्र दूधवाल्याच्या हाती.

छापली. बिलाच्या कागदाची अख्खी गुंडाळी संपली, ओळ काही संपेना! गिऱ्हाइकाच्या कंसात गठडं, गठड्याच्या कंसात कपडा, कपड्याच्या कंसात खिसा, खिशाच्या कंसात सापडलेला कंगवा. कुठे श्वास नाही, पूर्णविराम नाही. तुझी आई बोलते तसं. शेवटी कात्री घेतली. कंस उघडला की कापायचं, खाली ठेवायचं, वीतभर उजवीकडे सरकवायचं. कंस मिटला की परत वीतभर डावीकडे. इस्त्रीचं टेबल पुरेना, फरशीवर मांडलं. नवरदेवाच्या आईलाही कामाला जुंपलं (नुसती उसासे टाकत होती), तर तिला उकडलं आणि बाईनं पंखा लावला! अख्खी लॉण्ड्री हवेत. दोघी हसून हसून खाली बसलो, मग पुन्हा मांडलं, प्रत्येक तुकड्यावर कपड्यांचा चिमटा ठेवून. आणि काय सांगू, उभ्या उभ्या दिसलं! जिन्यासारखी यादी, आणि कोट दातांच्या डॉक्टरच्या पडद्यांच्या पोटात. बांधणाऱ्यानं यादीबरहुकूम तो पडद्यांतच बांधून दिलेला.

तेव्हा त्या यंत्राला पायऱ्यापायऱ्यांनी छापायला शिकव. आणि खिशातले कंगवे मी विचारल्याशिवाय दाखवायचे नाहीत.

सुखी राहा. अक्कल येवो.

तुझी मावशी

ता. क. पडदे नोंदवून झाल्यावर 'गठडं बंद' हे बटण मी दाबलंच नव्हतं. हात ओले होते. घरात बोलायचं नाही.

आणखी ता. क. डॉक्टरनं ते गठडं न उघडताच नव्या दवाखान्यात नेलंय, तुझ्याच गल्लीत. मी जाणार नाही. परवाच त्याला विचारलं, पडद्यांना हात पुसतोस का रे? तुझी दाढ दुखते म्हणे. ती दाखव आणि कोट घेऊन ये. जातोस की नाही ते गुरुवारी दुपारपर्यंत कळव, नाहीतर संध्याकाळी नवरदेवाच्या आईला खुर्चीसकट तुझ्याकडे पाठवते.