रेसिंग क्लचची गाडी आणि बाकीची मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा कवळ्या व कृत्रिम दात बनवणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने काल मी पुरी केलेली वरची कवळी पाहून घ्यावी. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. पूर्वी तसा प्रयत्न झाला होता, त्याबद्दल कलम तीनमध्ये लिहिले आहे. याआधी केलेली व्यवस्था या लेखाने रद्द समजावी.

कलम १. राहते घर, म्हणजे वरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि खालचे कामाचे दालन, मुलगा व मुलगी यांना निम्मे निम्मे. मध्ये भिंत घालू नये. दोघांचे बिनसलेच तर आधी एकत्र जेवावे आणि मग भांडावे. उपाशीपोटी माणूस जास्त बोलतो. बँकेतली शिल्लकही, कलम तीनचा खर्च वजा जाता, तशीच निम्मी निम्मी.

कलम २. कामाच्या दालनातली बाके, पॉलिशची मोटर, साचे, मेणाच्या सुऱ्या आणि गिऱ्हाईक डॉक्टरांची सर्व ओळखपाळख मुलीला. या गावात मोकळेपणी हसणारी बरीच तोंडे माझ्या हातची आहेत. पुढचे दात मात्र मुलगी माझ्यापेक्षा चांगले करते. हे मी तिला एकदा तोंडी सांगितले आहे, आता लेखी देते. तिने दरात कोणालाही सूट देऊ नये, नातेवाइकांना तर मुळीच नाही.

समोरच्या खोलीतले सासूबाईंचे शिलाई मशीनही मुलीचे. त्याचे टेबल करून वर कुंडी ठेवू नये. त्याच्यावर शिवण शिवावी.

कलम ३. माझे धाकटे दीर यांना चार नवे टायर, त्या वेळी त्यांच्याकडे जी गाडी असेल तिच्या मापाचे, माझ्या शिलकीतून घेऊन द्यावेत. याचे कारण सविस्तर लिहिणे भाग आहे.

माझे यजमान लेथवर काम करत आणि सुट्टीच्या दिवशी टेकडीच्या शर्यतीत गाडी पळवत. गाडी आमचीच, चार दारांची, निळी, दिसायला अगदी गरीब. तिला त्यांनी रेसिंग क्लच बसवला. ज्यांनी तो चालवलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. साधा क्लच माणसाला सांभाळून घेतो. पाय जरा लवकर सुटला किंवा जरा उशिरा सुटला, तरी गाडी पुढे सरकते. रेसिंग क्लच असे लाड करत नाही. तो धरतो किंवा सोडतो, मधले काही नाही. पेडल इतके जड की दाबताना पाठ सीटला रोवावी लागते. पाय अर्धवट ठेवून रांगत राहिलात तर प्लेट जळते. घाबरत सोडलात तर गाडी गचका खाऊन बंद, आणि मागच्यांचे हॉर्न सुरू. शर्यतीत मात्र त्याच्यासारखा दुसरा नाही. इंजिनाची सगळी ताकद एका क्षणात चाकांना मिळते.

क्लच बसवला त्याच वर्षी यजमान हृदयविकाराने गेले. मुले लहान होती. थोड्याच दिवसांनी दीर आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "वहिनी, ही गाडी तुमच्याच्याने व्हायची नाही. किल्ली द्या. दादाची आठवण माझ्याकडे नीट राहील."

मी काही बोलण्याआधी सासूबाई बोलल्या. त्या मशीनवर बसल्या होत्या आणि त्यांनी पाय थांबवला नाही. "आधी फाटकाबाहेर काढून दाखव," त्या म्हणाल्या.

फाटकापाशी छोटा चढ आहे. दिरांच्या हातून गाडी तिथे बंद पडली, पुन्हा बंद पडली, आणि तिसऱ्यांदा गचका खाऊन मागे आली. शेजारच्या गच्चीवर माणसे जमली. दीर घाम पुसत आत आले आणि म्हणाले, "क्लचमध्येच काहीतरी बिघाड आहे."

"असेल," सासूबाई म्हणाल्या. "मग बिघडलेली गाडी कशाला नेतोस? किल्ली टेबलावर ठेव."

माझे त्याहून वाईट झाले. मला साधी गाडी येत होती, पण ही गाडी मला फाटकापर्यंतही नेईना. सासूबाईंनी जन्मात गाडीचे चाक हातात धरले नव्हते, तरी त्या रोज सकाळी माझ्या शेजारी येऊन बसायच्या. शेजारच्या पोरांकडून गाडी फाटकाबाहेर ढकलून घेऊन जवळच्या बंद गोदामाच्या आवारात आम्ही दोघी जायचो आणि दोघींच्या माना पुढे-मागे हिंदकळायच्या. मी रडकुंडीला आले तेव्हा त्या म्हणाल्या, "तू भीत भीत पाय उचलतेस. मशीनवर असं केलं तर दोरा तुटतो. आधी तिचा आवाज भरू दे, मग पाय सोड. आणि सोडल्यावर विचार करू नकोस."

त्यानंतर गाडी माझी झाली. कवळ्यांचे डबे मागच्या सीटवर कापसात बसवून मी गावातल्या सगळ्या दवाखान्यांत पोचवत असे. भर बाजारातून, चढ-उतारावरून, याच क्लचने. एकही दात कधी तुटला नाही. माझ्या सगळ्या धंद्यात मला सर्वांत जास्त अभिमान कशाचा असेल तर याचा.

पुढे काही वर्षांनी मी टेकडीच्या शर्यतीत नाव घातले. गाडीत दुसरे माणूस हवे असा नियम होता आणि माझ्या शेजारी बसायला कोणी तयार होईना. "मी बसते," सासूबाई म्हणाल्या. "नाहीतरी घरी बसतेच." हेल्मेट अंबाड्यावर बसेना, म्हणून त्यांनी अंबाडा सोडून वेणी घातली. शर्यतीचे व्यवस्थापक काकुळतीला आले, "आजी, वर काही झालं तर?" सासूबाईंनी पट्टा ओढून घेतला. "झालं तर हिला बोलू नका. मी माझ्या पायांनी येऊन बसलेय."

दीरही नवी गाडी घेऊन आले होते. गाड्या एकेक सोडून वेळ मोजत; ते आमच्या आधी सुटले. आम्ही सुटलो तेव्हा मी पाय मोकळा सोडला, आणि गाडीने अशी झेप घेतली की बाजूची माणसे मला दिसलीच नाहीत. प्रत्येक वळणावर गिअर पडला की क्लच खाडकन धरायचा. वर पोचल्यावर सासूबाईंनी हेल्मेट काढले आणि म्हणाल्या, "संपलं? एवढंच?"

आम्ही चौथ्या आलो. दीर आमच्या मागे होते, बरेच मागे. चौथ्याला काही मिळत नाही, पण सासूबाई अखेरपर्यंत दारात येईल त्याला, अगदी दूधवाल्यालाही, "आम्ही चौथ्या आलो" असे सांगत. दीर मात्र तेव्हापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक पंगतीत सांगत आले आहेत की त्या दिवशी त्यांचे टायर खराब होते. त्यांना नवे टायर मिळावेत आणि हा विषय मिटावा, एवढीच माझी इच्छा. त्यांनी माझ्या मुलाला पोहायला शिकवले, तेही मी विसरलेले नाही.

कलम ४. निळी गाडी.

माझा मुलगा विमा कंपनीत आहे. धोका मोजणे हाच त्याचा धंदा, त्यामुळे माझ्या गाडीकडे तो नेहमी आजारी माणसाकडे पाहावे तसा पाहत आला. गेल्या वर्षी माझ्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली त्या दिवशी मी आत बसले आणि क्लच दाबला. पेडल उशीसारखे खाली गेले. क्षणभर वाटले, नव्या गुडघ्याने कमाल केली. मग पाय सोडला, तर गाडी आज्ञाधारकासारखी हळूच पुढे सरकली. मी तिथेच इंजिन बंद केले.

मुलगा दारातच उभा होता. "तुझ्या गुडघ्यासाठी केलं, आई," तो म्हणाला. "साधा क्लच बसवून घेतला. आता आरामात चालव."

"मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

"नसते म्हणाले. म्हणूनच विचारायचं असतं."

मी रिक्षा करून थेट गॅरेजमध्ये गेले. मिस्त्रींनी मला पाहिले आणि काही न विचारता मागच्या फळीवरून तेलकट कापडात गुंडाळलेला जुना क्लच काढून पुढे ठेवला. "टाका म्हणाले होते," ते म्हणाले, "पण मला माहीत होतं, ताई येणार." क्लच पुन्हा बसला. पहिल्या दिवशी गुडघा दुखला. खोटे कशाला लिहू? पण मी दवाखान्यांची फेरी पुरी करून घरी आले. मुलगा गॅलरीतून पाहत होता.

काही आठवड्यांनी, एका सुट्टीच्या दिवशी, तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मला शिकव."

गोदामाच्या जागी आता इमारती आहेत, तेव्हा आम्ही सरळ रस्त्यावरच शिकलो. मोठ्या पुलाच्या चढावर सिग्नल लागला, आणि हिरवा झाल्यावर गाडी बंद पडली. मागे बस होती. बसवाल्याने हॉर्नवरून हात काढला नाही. एक स्कूटरवाला बाजूने जाता जाता म्हणाला, "काका, चालत गेलात तर लवकर पोचाल." मुलाचे कान लाल झाले. पुन्हा बंद पडली. मी दाराच्या कडीला हात घातला. "उतर, मी घेते."

"नाही," तो म्हणाला. "तू बस."

सिग्नल पुन्हा लाल झाला. तो हातब्रेक ओढून, पाय पेडलवर रोवून बसला. मागे वळून पाहिले नाही, कोणाला हाताने थांबा म्हटले नाही. हिरवा झाला आणि त्याने पाय सोडला. गाडी पूल अशी चढली की बस आरशात लहान झाली. पलीकडे उतारावर आल्यावर तो मोठ्याने हसला आणि स्वतःशीच म्हणाला, "अशी असते होय ही."

मी खिडकीबाहेर पाहत राहिले, कारण माझा चेहरा त्याने पाहू नये असे मला वाटत होते.

म्हणून गाडी मुलाला. कोणतीही अट नाही. पुढे त्याला साधा क्लच बसवावासा वाटला तर खुशाल बसवावा. आता तो माहिती असून बसवेल, भीतीपोटी नाही, आणि मला एवढेच हवे होते. मुलीला हे मान्य आहे. ती म्हणाली, "मला मान दुखवून घ्यायची नाही."

कलम ५. माझी अंत्ययात्रा साधी असावी. निळी गाडी तिच्यामागे हळूहळू चालवू नये. तिच्या प्लेटला ते सोसत नाही. मुलाने मुलीला शेजारी बसवून मोकळ्या रस्त्याने पुढे जावे. वाटेत वेगाने जावेसे वाटले तर जावे. लोक काही म्हणाले तर आईने लिहून ठेवले आहे असे सांगावे. दोघांनी आधी पोचावे, गाडी सावलीत लावावी, आणि मी येईपर्यंत थांबावे.

हे सर्व मी पुन्हा एकदा वाचून पाहिले आहे. खोडाखोड नाही.

(सही)
लिहून ठेवणार, गावाच्या तोंडी दातवाल्या बाई

आमच्यासमोर सही केली:
१. गॅरेजचे मिस्त्री. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही ठेवू नये असे वकील म्हणाले, म्हणून यजमानांचा पान्यांचा संच मी त्यांना गेल्या आठवड्यातच देऊन टाकला आहे.
२. कोपऱ्यावरच्या दवाखान्याच्या दंतवैद्य बाई. यांना काही ठेवलेले नाही. यांची माझ्याकडे तक्रारही नाही.

ठिकाण: राहते घर, कामाचे दालन
दिनांक: ११ फेब्रुवारी, सकाळी, दवाखान्यांच्या फेरीला निघण्यापूर्वी