उत्तनच्या बोंबलाला माझं मार्गदर्शन

६ एप्रिल, सोमवार
व्हिजिटिंग कार्डं आली. 'ईश्वर शिगवण, स्टार्टअप मेंटॉर.' कंपनीने मला मोकळं केलं ते बरंच झालं. चोवीस वर्षं परचेसमध्ये सप्लायरना सरळ केलंय, फाउंडर म्हणजे काय चीज! संकल्प: रोज एक फाउंडर घडवायचा. आज गोडदेव नाक्यावरच्या सँडविचवाल्याला स्केलिंग समजावलं. तो म्हणाला, अंकल, थोडा साइड में, कस्टमर को दुकान दिखने दो. व्हिजन नाही.

१२ एप्रिल, रविवार
पहिली फाउंडर! उत्तनच्या कोळीवाड्यातली पर्ल. तिच्या आईकडून माझी बायको उर्मिला दरवर्षी सुके बोंबील घेते. पोरीने कॉल सेंटर सोडलंय, आईची मासळी पाकिटांत भरून विकणार आहे. हा सीझन हुकला तर परत हेडफोन लावून बसावं लागेल म्हणाली. तिने एकच विचारलं: पाकिटावर टाकायचं फूड लायसन्स कसं काढतात? असल्या बारक्या गोष्टी नंतर, म्हटलं. आधी व्हिजन. अडीच तास व्हिजन झालं. चहा दोनदा. दर रविवारी चर्च आटोपून अकराला यायचं ठरलं.

१९ एप्रिल, रविवार
होमवर्क दिला होता: शंभर गिऱ्हाइकांचा सर्व्हे. केला नाही. म्हणे, सर, आई तीस वर्सं टोपली घेऊन फिरते हाय, तिला समदी गिऱ्हाइकं म्हाईत. मी म्हटलं, डेटा कुठाय? गप्प बसली. फाउंडर गप्प बसला की शिकतोय असं समजावं.

२१ एप्रिल
मीरा रोडच्या एका कॉलेजात स्टार्टअप सेंटर निघतंय. मेंटॉर हवेत. फॉर्म भरला. अट: आपण घडवलेल्या एका तरी फाउंडरचं पत्र. इंटरव्ह्यू ९ जूनला. एक तर आहेच माझ्याकडे.

३ मे, रविवार
डोकं फिरलंय. पर्ल या आठवड्यापासून बाजारात बसणार म्हणते. का, तर आगोट, म्हणजे पावसाळ्याआधी लोक सुक्या मासळीची बेगमी करतात. ठणकावून सांगितलं: लोक सुकी मासळी खातात कधी? पावसाळ्यात. मग विकायची कधी? पावसाळ्यात! कंपनीत आम्ही बेअरिंग लागायच्या आदल्या दिवशी मागवायचो. याला जस्ट इन टाइम म्हणतात. गिऱ्हाइकाच्या घरी मेमध्येच माल कोंबणं हा शुद्ध अडाणीपणा. लॉन्च १५ जुलैला. तोवर लोगो.
ती म्हणाली, सर, जुलैत बोंबलाला बुरशी धरते, नि तवर सगळ्यांचे डबे भरलेले असतात. निगेटिव्ह बोलू नकोस, म्हटलं. आत उर्मिला एवढी हसली की तिला उचकी लागली. मी रत्नागिरीचा, आणि मला सुकी मासळी शिकवतात!

१० मे, रविवार
११.००: पर्ल नाही.
११.४०: नाही. वेळेची किंमतच नाही या पिढीला.
सं. ६.१०: आली. उन्हाने काळवंडलेली, हाताला बोंबलाचा वास. लोगोवर काम चाललंय ना, विचारलं. हो म्हणाली. मी दीड तास ब्रँडिंगवर बोललो. तिला दोनदा डुलकी लागली. फोकस कमी पडतोय.

२४ मे
विश्वासघात! उर्मिला बाजारातून दोन पिशव्या आगोट घेऊन आली. पर्लचीच पाकिटं. लोगो नाही, पण लायसन्सचा नंबर छापलेला. काशीगावपासून नया नगरपर्यंत ऑर्डरी गेल्या, सगळा माल संपला म्हणे. दोन तास नुसता धुमसत होतो. जेवायला बोंबलाची चटणी होती. चांगली होती. तिसऱ्या भाकरीला लक्षात आलं: मी जुलै म्हटलं नसतं तर मेमध्ये विकायची जिद्द पोरीला आली असती का? यालाच मेंटॉरिंग म्हणतात. फोन करून पत्र मागितलं. लगेच हो म्हणाली.

९ जून, मंगळवार
इंटरव्ह्यू झाला. तिथल्या मॅडमनी पर्लचं पत्र मोठ्याने वाचलं. सर रविवारी घरीच असतात. चहा देतात. फी घेत नाहीत. मनाने फार चांगले आहेत. संपलं. मग मॅडमनी विचारलं, तुमचा कुठला सल्ला तिने अमलात आणला? मी एप्रिलपासून आठवत निघालो आणि जूनपर्यंत पोचलो. एकही नाही, म्हणालो. मग ती येत कशाला होती? म्हटलं, विचारून सांगतो. त्यांनी पाणी दिलं. निवड नाही.
घरी येऊन पर्लला फोन लावला, रागातच. येत कशाला होतीस, विचारलं. आधी टाळत होती. मग म्हणाली, सर, रागावू नका. उर्मिला आंटी आईला बोलल्या होत्या, नोकरी गेली तेव्हापासून यांच्याकडे कोन फिरकत न्हाय, दिवसभर खिडकीत बसतात, पोरीला पाठव, काहीतरी विचारू दे त्यांना.
फार वाईट वाटलं. उर्मिला भांडी घासत होती, तिच्याकडे बघवेना. तिकडून पर्ल विचारत होती, सर, मग या रविवारी येऊ की नको?
म्हटलं, ये. अकराला.