चौदाच तास

झाशी, मंगळवार, दिवेलागण

चौदा तास म्हणे. दिल्लीहून टोरांटो, फक्त चौदा तास. आमच्या चिरंजीवांनी आज फोनवर पुन्हा तेच ऐकवलं. ह्यांची बायपास शुक्रवारी, आणि हा मला विमानाचं अंतर शिकवतोय. "आई, किलोमीटर बघू नकोस गं. तासांत मोजलं तर मी पुण्यापेक्षा जवळ आहे. गरज पडली की आलोच."

गरज आणखी कशी पडते? पुण्याहून रेखा निघालीसुद्धा. माझी लेक रिझर्वेशनशिवाय, दिवसरात्र गाडीत बसून येतेय. ह्यांनी जन्मभर रेल्वेत गार्डाची नोकरी करून लोकांची माणसं घरी पोचवली. आणि आमचं? चौदा तासांवर बसलंय, चार वर्षं.

फोन ठेवताना म्हणाला, "अच्छा आई, येतो."

टाळकंच फिरलं माझं. येतो कसला? म्हटलं, "येतो म्हणू नकोस. जातो म्हण."

आमच्या घरात निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही. लहानपणी चुकून म्हणाला तर हात धरून परत आत बसवायचे मी त्याला. वाटलं, आता तरी चपापेल.

तो सहज म्हणाला, "ठीक है, जातो."