वच्छलाच्या बाहुलीवरचे पाच ठिपके

मी, गोजरबाई जोतीराम लवटे, वय अंदाजे एकोणपन्नास, धंदा जुन्या बाहुल्या धुऊन-सवरून विकणे, राहणार भवानी पेठ, सोलापूर, माझ्यामागे कोणाला काय मिळावे ते आज सांगून ठेवते. दम्याने छाती वाजते, पण डोके ठिकाणावर आहे. मला कोणी धाक घातलेला नाही. धाक घालणारा भवानी पेठेत अजून जन्माला यायचा आहे. मला लिहिता येत नाही. सांगते मी, लिहितात शेजारचे वेणीमाधव मास्तर. यातले बरेचसे मृत्युपत्रात बसत नाही असे मास्तरांचे म्हणणे पडले. मी म्हटले, बसवा.

कलम १. राहते घर, पत्र्याच्या दोन खोल्या आणि मागची मोरी, माझ्या मालकांनी मिलच्या फंडातून बांधले आणि हयातीतच माझ्या नावावर केले. ते मी माझी मुलगी वच्छला, राहणार नातेपुते, हिला देते. मुलगी म्हणताच मास्तरांनी विचारले, "सावत्र असे लिहू का?" नको म्हटले. पोस्टाच्या पुस्तकात असेल त्यातून माझी लाकडे आणि दिवस उरकावेत, बाकी तिचेच.

कलम २. माझे दीर महिपती, राहणार कुंभारी, यांनी अकरा वर्षांपूर्वी लग्नकार्यासाठी माझे तांब्याचे घंगाळ नेले. मी त्यांच्या घरी गेले की ते पाटावरच्या पोत्याआड जाते, हे मला ठाऊक आहे. ते घंगाळ मी त्यांनाच देते. आता बिचाऱ्यांनी ते खुशाल बाहेर काढून पाणी तापवावे. घरावर मात्र त्यांनी हक्क सांगू नये.

कलम ३. धंद्याची पेटी, म्हणजे मऊ झालेले दात घासायचे ब्रश, बारीक फणी, सुया, रिठ्यांचा डबा आणि सूत गुंडाळायच्या लाकडी कांड्या, मंगळवारच्या बाजारात माझ्याशेजारी बसणाऱ्या बजाबाईला द्यावी. तिला साक्षीदार व्हायचे होते. पण ज्याला काही मिळते त्याची साक्ष चालत नाही, असे मास्तर म्हणाले, म्हणून ती रुसून बसली आहे. बजाबाई, नीट ऐक. केस रिठ्याच्या कोमट पाण्यात धुवायचे, टोकाकडून विंचरत वर जायचे, ओले असताना कांडीवर गुंडाळायचे, की कुरळे होतात. तेल लावायचे नाही, चिकटून जटा होतात. गालावर रॉकेल लावशील तर ओठांचा रंग जाईल, मग बस बोंबलत. आणि कुठल्याही बाहुलीवरचा डाग काढण्याआधी ती विकायला आणणाराला विचारायचे, हा डाग कशाचा? लोक हसतात. हसू देत. मी का विचारते ते पुढच्या कलमात आहे.

कलम ४. ट्रंकेत जुन्या सोलापुरी चादरीत एक रबरी विलायती बाहुली आहे, झोपवली की डोळे मिटणारी. ही वच्छलाची. तिची आई सोजरबाई मिलच्या एका साहेबाच्या घरी धुणे धुवायची. साहेबाच्या मुलीने वापरून टाकलेली ती बाहुली तिने पोरीसाठी आणली. पुढे सोजरबाई आजारात गेली आणि सव्विसाव्या वर्षी बिजवराशी लग्न करून मी या घरात आले. वच्छला तेव्हा सात वर्षांची. माझ्याशी बोलेना, माझ्या हातचे खाईना, बाहुली उराशी धरून कोपऱ्यात बसायची. बाहुली काळीकुट्ट, केसांचा गोळा झालेला. मला वाटले, हिला नव्यासारखी करून दिली तर पोर माझी होईल.

वच्छला आत्याकडे गेली तेव्हा मी बाहुली काढली. अंगाचा मळ एका दिवसात गेला, केस दोन दिवसांत मोकळे झाले. तोंडावरचे पाच जांभळे डाग तेवढे जाईनात. शाईच्या पेन्सिलीचे होते, जिभेला लावून उठवतात त्या. मीही हट्टाला पेटले. रोज लोणी चोळायचे, उन्हात ठेवायचे, बोटाने घासायचे. आठ दिवस. नवव्या दिवशी तोंड लख्ख झाले. काय आनंद झाला होता मला!

वच्छला आली, बाहुलीकडे बघितले आणि किंचाळली. "माज्या आईचं गोंदान कुटं गेलं?" सोजरबाईने अंथरुणावर पडल्या पडल्या, पोरीच्या हट्टापायी, आपल्या तोंडावरचे गोंदण जसेच्या तसे बाहुलीला काढून दिले होते. माझ्या स्वतःच्या कपाळावर गोंदण आहे. रोज कुंकू लावताना मी ते बघते. पण गोऱ्या कातडीवर मला तो डागच वाटला. बाहुली तिने मोरीत फेकली, ती मी उचलून ठेवली. त्यानंतर लग्न होऊन गेली तरी वच्छलाने मला कधी आई म्हटले नाही. "अवो" म्हणायची. तिचा दोष नाही. मी तिची आई दुसऱ्यांदा नेली.

कलम ५. गेल्या दिवाळीत वच्छला आली होती. तिच्या पोरीने विचारले होते म्हणे, आजी कशी दिसायची? सोजरबाईचा फोटो नाही. वच्छला उंबऱ्यातच बसली आणि खाली मान घालून म्हणाली, "अवो, आईचं गोंदान कुटं कुटं व्हतं, तुमाला काय ठावं हाय का? माज्या ध्यानातनं गेलंय की." चहा देता देता सांगावे असे मी ठरवले. चहा टाकते म्हणून मी आत गेले, आणि स्टोव्ह पेटेपर्यंत ती एस.टी. गाठायला निघूनही गेली. नंतर मी महिपतींना विचारून बघितले. ते म्हणाले, "वयनीच्या तोंडाकडं मी कदी मान वर करून बघितलं न्हाय." मालक तर कधीच गेले. म्हणजे आता जगात ते एकट्या मलाच माहीत आहे. आठ दिवस त्या पाचच जागांवर माझे बोट फिरत होते. मी कशी विसरेन?

वच्छला, ऐक बाळा. एक ठिपका दोन भुवयांच्या मधोमध, जरा वर. एक डाव्या गालावर, डोळ्याच्या कोपऱ्याखाली. हनुवटीवर तीन, दोन वर आणि एक खाली. खालचा नेमका मधे नाही, उजवीकडे सरकलेला आहे. लहानपणी गोंदताना तुझी आई रडून हलली असेल.

बाहुली दरवर्षी धुऊन ठेवली आहे, पण ठिपके मी काढले नाहीत. तो हात माझा नव्हे. तुझ्या आईची पेन्सिल फळीवर सापडली, ती बाहुलीच्या झग्यात बांधली आहे. तू काढ, आणि तुझी पोर शेजारी बसू दे. मला आई म्हण असे मी या कागदात लिहीत नाही, तसे लिहून मिळत नसते.

हे सर्व मास्तरांनी मला दोनदा वाचून दाखवले, ते माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. कागदावर खाडाखोड नाही. माझ्या अंगठ्याशेजारी त्याच पेन्सिलीने काढलेले पाच जांभळे ठिपके आहेत, वर सांगितल्या जागी, माझ्या हातचे. ते डाग नव्हेत. कचेरीतल्या कोणीही ते पुसू नयेत.

निशाणी, डाव्या हाताचा अंगठा: गोजरबाई जोतीराम लवटे

आमच्यासमोर अंगठा केला आणि ठिपके काढले. साक्षीदार:
१. वेणीमाधव, निवृत्त शिक्षक, भवानी पेठ (लिहिणार)
२. चन्नवीर, शिंपी, भवानी पेठ

सोलापूर, शुक्रवार, दिनांक ९ फेब्रुवारी १९७९