दोन सूर, मग गप्प

११ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

फोन आदळला सुधाकरने! पस्तीस वर्षं आम्ही दोघांनी जयपूरच्या हॉटेलांत जॅझ वाजवलं — त्याचा पियानो, माझा सॅक्सोफोन. आणि आज म्हणतो, "सदाशिव, एक तर बारातीत वाजव, नाहीतर माझ्याबरोबर." बारात म्हणे! इथल्याच मानसरोवर भागातल्या चार पोरांच्या फंक बँडमध्ये गेलो तर एवढा थयथयाट. लोकांना नाचवलं म्हणजे बाटलो का मी? अलकालाही फोन केलान — "वहिनी, नवऱ्याला आवरा." ती नुसती हसली.

अडुसष्टाव्या वर्षी मी कुणाची परवानगी काढणार नाही. २३ला मालवीय नगरच्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे. वाजवणार. वाजवणारच!

१४ नोव्हेंबर

पहिली तालीम. ज्ञानदा ड्रम वाजवते, एरवी आयटी कंपनीत असते. मी ठेवणीतला सोलो काढला. डोळे उघडले तर सगळे थांबलेले!

"काका, मतलब, मस्त आहे. पण तुम्ही जागाच नाही सोडत. लोग नाचेंगे कहाँ?"

ही मला शिकवणार! आयुष्यभर दोन सुरांच्या मध्ये आणखी चार कोंबले, त्यालाच टाळ्या घेतल्या. इथे दोन सूर फुंकायचे आणि गप्प बसायचं.

घरी येऊन तणतणलो. अलका भाजी निवडत होती. "पोरगी हुशार आहे," म्हणाली.

१७ नोव्हेंबर

दोन सूर. गप्प. दोन सूर. गप्प. पुन्हा भरकटलो!

२० नोव्हेंबर

सुधाकरचा मेसेज — "वाजवलंस तर माझ्या दारात येऊ नकोस." नाही येणार, जा! पण वाईट वाटलं. फार वाटलं. तसाच तालमीला गेलो.

२३ नोव्हेंबर, रविवार

जमलं!! दोन सूर फुंकले आणि खरोखर गप्प राहिलो. एरवी डोळे मिटून वाजवतो. आज त्या रिकाम्या जागेत करायला काही नव्हतं, म्हणून समोर बघितलं. खुर्च्या मोकळ्या, सगळा हॉल नाचतोय. आणि मधोमध अलका! गुडघ्याला पट्टा बांधलेली, माझ्या प्रत्येक कार्यक्रमाला मांडीवर पर्स घेऊन तिसऱ्या रांगेत बसणारी अलका. नुसते हात हलवत नव्हती. पाऊल अचूक पडत होतं.

पुढचे दोन सूर राहूनच गेले माझे.

२४ नोव्हेंबर

सकाळी चहाला विचारलं, "कुठे शिकलीस?"

"सांगलीत. लग्नाआधी सहा वर्षं नाचत होते मी."

"मग इतक्या वर्षांत बोलली नाहीस कधी?"

"तुम्ही थांबलात कधी?"